ग्रामोद्योगी नाताळ

ज्या जिल्ह्यात बर्फ पडत नाही, देवदार उगवत नाही, घरांना धुराडी नसतात, छपरावर हरणांच्या गाडीऐवजी वानरे उतरतात, आणि ज्याच्या हद्दीत गेली पन्नासएक वर्षे सरकारी हुकमाने दारूबंदी जारी आहे, त्या जिल्ह्यात विलायती भेटकार्डांवर चितारलेला नाताळ यथासांग साजरा करावयाचा म्हटल्यास त्याला लागणाऱ्या साहित्यापैकी एकही जिन्नस स्थानिक बाजारात मिळणार नाही, हे कोणीही सुज्ञ मनुष्य मान्य करील. तथापि वर्ध्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबात हा सण दरवर्षी ज्या थाटाने पार पडतो तो पाहिल्यावर माझे असे निश्चित मत झाले आहे की, सणाला साहित्य लागत नाही. त्याला गोतावळा लागतो. गोतावळा पुरेसा मोठा, पुरेसा भांडखोर आणि पुरेसा खादाड असला म्हणजे कोणत्याही मुलुखातून आलेला सण त्याच्या तावडीतून स्वदेशी झाल्यावाचून सुटत नाही.

मी जन्माने हिंदू, पेशाने कचेरीतला नाझर, आणि पेन्शनीत निघाल्यापासून शेजारधर्माने या नाताळाचा कायमचा निमंत्रित आहे. घरचे कर्ते म्हणजे सर्वांचे आजोबा. त्यांची सारी हयात हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरविण्यात गेली, आणि त्यामुळे कोणतीही पांढरी वस्तू दृष्टीस पडली की ती चिमटीत धरून तिचा धागा ओढून पाहण्याची जी सवय त्यांना जडली ती आजतागायत सुटलेली नाही. जावयाची दाढी पहिल्यांदा पांढरी दिसली तेव्हा त्यांनी स्वतःला कसेबसे आवरले, असे आजीबाई सांगतात. कर्ते आजोबा असले तरी कारभार मात्र त्यांच्या थोरल्या भगिनीकडे. या आत्याबाई अमरावतीस मुख्याध्यापिका होत्या. 18 डिसेंबरच्या सुमारास त्या एक लोखंडी ट्रंक, एक गरम पाण्याची पिशवी आणि एक वही घेऊन दाखल होतात, आणि त्या क्षणापासून घरातील स्वयंपाकघर, न्हाणीघर, अंथरुणे आणि नैतिक आचरण यांचा ताबा त्यांच्याकडे जातो. मागोमाग पुलगावच्या दारूगोळा भांडारात नोकरीस असलेले काका, हिंगणघाटचे मामा, नागपूरची लेक व जावई, आणि अहमदनगरच्या मावशी अशी मंडळी आपापल्या लेंढारासह येऊ लागतात. नगर हे मराठी ख्रिस्ती समाजाचे जुने पीठ, रेव्हरंड टिळकांची कर्मभूमी. त्यामुळे नगरच्या मावशी इतरांच्या चिवड्याकडे ज्या नजरेने पाहतात ती नजर पैठणच्या शास्त्र्यांनी आडगावच्या भटजीवर टाकली असती.

या मंडळींना उतरवून घेणे हा स्वतंत्र प्रपंच आहे, कारण वर्ध्याला स्थानके दोन: एक वर्धा, आणि दुसरे पूर्वी वर्धा पूर्व म्हणून ओळखले जाणारे सेवाग्राम. मनमाड-भुसावळकडून येणाऱ्याने वर्ध्यास उतरावे आणि बल्लारशाकडून येणाऱ्याने सेवाग्रामला, इतकी साधी ही व्यवस्था. परंतु ज्या कुटुंबात मतैक्याने काही करण्याची प्रथाच नाही तेथे पाहुणे एका स्थानकावर आणि त्यांना आणायला गेलेली पोरे दुसऱ्या स्थानकावर, हा प्रकार अपवाद नसून नियम होय. मावशी सेवाग्रामच्या फलाटावर पेटीवर बसून वाट पाहत असतात, पोरे वर्ध्याच्या फलाटावर त्यांच्याच पैशांनी खाण्याच्या भरवशावर उधारीची भजी खात असतात, आणि अखेरीस मावशी रिक्षाने एकट्याच घरी पोचल्या म्हणजे पहिले भांडण होऊन सणाचा विधिवत शुभारंभ होतो.

वास्तविक आमच्या मुलुखात नाताळ धर्माच्या वाटेने जितका आला तितकाच कचेरीच्या वाटेनेही आला. मध्यप्रांताच्या अमदानीत बड्या दिवसाला साहेबाच्या बंगल्यावर डाली नेण्याचा रिवाज होता. मालगुजाराने वेताची दुरडी सजवावी, तीत संत्री, पेरू, सुकामेवा, झेंडूच्या माळा आणि जमल्यास नागपूरहून आणविलेला केक ठेवावा, पागोटे नीट करून बंगल्याच्या पायरीशी उभे राहावे आणि साहेबाने दुरडीला बोट लावून ‘ठीक’ म्हणताच कृतार्थ होऊन परतावे. नगद नजराणा वर्ज्य, फळफुलास हरकत नाही, असा दंडक होता. परंतु फळांखाली काय असावे याविषयी दंडक मौन पाळीत असल्याचे जुने लोक सांगत. पुढे 1951 साली मालगुजारी गेली, साहेब त्यापूर्वीच गेले होते, आणि मागे उरली ती केवळ नाताळची रजा. या रजेचे उपकार आपण पुरेसे मानीत नाही. राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन 28 डिसेंबर 1885 रोजी मुंबईस भरले, आणि असहकाराचा ठराव कायम करणारे नागपूरचे 1920 चे अधिवेशनही डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यातच भरले, याचे कारण त्या आठवड्यात ग्रहयोग उत्तम होते असे नव्हे. कोर्टे बंद असल्यामुळे वकील मोकळे होते. इंग्रजी राज्य उलथून टाकण्याची खलबते राज्यकर्त्यांच्या देवाच्या वाढदिवसाच्या पगारी रजेत व्हावीत, यात इंग्रजांच्या औदार्याचा भाग किती आणि गाफीलपणाचा किती, हे इतिहासकारांनी ठरवावे.

वर्ध्यात हा सण स्वदेशी होणे तर क्रमप्राप्तच होते. ग्रामोद्योग संघाचा डोलारा येथल्या मगनवाडीत ज्यांनी उभा केला ते जे. सी. कुमारप्पा स्वतः तंजावरकडचे ख्रिस्ती, लंडनचे हिशेबतपासनीस आणि अमेरिकेचे अर्थशास्त्री. आणि इतके सगळे होऊन त्यांनी प्रसार कशाचा केला, तर हातसडीच्या तांदळाचा, घाणीच्या तेलाचा आणि गुळाचा. त्यांचे मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते उघडले तेही 30 डिसेंबर 1938 रोजी, म्हणजे नाताळच्याच आठवड्यात. फार मागे जावयाचे तर सतराव्या शतकाच्या आरंभी गोमंतकात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याला येशूजन्माची कथा लोकांच्या गळी उतरवावयाची होती, तेव्हा त्याला देखील ओवीस शरण जाऊन दहा हजारांवर ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचावे लागले, आणि ते 1616 मध्ये छापून निघाले. पुढे टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी चालविले, तेही ओवीच्या वाटेने. आजीबाई ते ज्या चालीवर वाचतात त्याच चालीवर आमच्याकडे शिवलीलामृत वाचले जाते. त्यामुळे डिसेंबरात सकाळी भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला की आमच्या सौभाग्यवती अभावितपणे हात जोडतात, आणि अध्याय संपेपर्यंत सोडीत नाहीत.

आता बर्फाचा प्रश्न. नाताळाला बर्फ हवाच असा मुलांचा आग्रह, आणि वर्ध्याची थंडी म्हणजे पहाटे कानटोपी घालावी आणि अकराच्या ठोक्याला ती पंख्याखाली वाळत टाकावी, अशा स्वभावाची. परंतु ज्या महिन्यात विलायतेत हिमवर्षाव होतो नेमक्या त्याच महिन्यात आमच्या जिल्ह्यात कापसाची वेचणी ऐन भरात असते, ही ईश्वरी योजनाच म्हटली पाहिजे. सीतादही होऊन गेलेली, शेते पांढरीशुभ्र, हिंगणघाटच्या रस्त्यावर गाड्यांतून उडालेला कापूस बाभळींना लटकलेला; अशा वेळी बर्फासाठी स्वित्झर्लंडकडे पाहण्याचे प्रयोजन काय? हिंगणघाटच्या मामांनी तर एके वर्षी देवदाराचाही प्रश्न त्याच झटक्यात सोडविला. त्यांनी शेतातून एक पुरुषभर उंचीची पऱ्हाटी मुळासकट उपटून आणली, डालड्याच्या जुन्या डब्यात माती घालून उभी केली, आणि म्हणाले, ‘‘घ्या, पोट्टे हो! झाडबी हाये अन् बर्फबी. वरतून टाकाची गरज नाई.’’ खरोखरच फुटलेल्या बोंडांनी लगडलेली ती पऱ्हाटी, वर चांदणीचा कागदी कंदील आणि फांद्यांना लटकविलेल्या काचेच्या बांगड्या, असा तो थाट पाहून मुले हरखून गेली. फक्त आजोबा पुढे झाले, एक बोंड तोडून त्यांनी बर्फ चिमटीत धरला, धागा ओढला, डोळे बारीक करून उजेडात पाहिला आणि खेदाने मान हलवून म्हणाले, ‘‘आखूड आहे. आणि ओल धरलेली आहे. या बर्फाला भाव मिळायचा नाही.’’

याच आजोबांनी, 1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीच्या दिवसांत, आणखी एक कायदेशीर पेच काढला होता, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. राज्यात पिकलेला सर्व कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच घातला पाहिजे असा त्या काळी कायदा. मग घरात सजावटीसाठी पसरलेला पाच शेर कापूस म्हणजे सरकारी मक्तेदारीचा भंग ठरतो काय, आणि ठरत असल्यास येशूबाळाच्या गोठ्यावर पडलेला बर्फ जप्तीस पात्र आहे काय, अशी शंका त्यांनी मला रीतसर विचारली. मी कचेरीच्या अनुभवावर सल्ला दिला की, बर्फ नाताळनंतर केंद्रावर घालून चुकारा घ्यावा. आजोबांनी तसे केले. चुकारा आला तो पुढच्या नाताळाच्या सुमारास, आणि त्या वर्षीच्या बर्फाच्या खर्चात तो वळता झाला.

केकचे प्रकरण याहून नाजूक. नागपूरच्या जावयांचे म्हणणे असे की, मनुका, बेदाणे आणि साखरेतला पपई-मुरंबा हे सारे महिनाभर रममध्ये भिजल्याखेरीज केकास केक म्हणणे हा त्या शब्दाचा दुरुपयोग होय. नागपूर जिल्ह्यात हे मत बाळगण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु गांधीजींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या आमच्या जिल्ह्याची हद्द लागताच तोच केक मुद्देमाल होण्याचा संभव असतो. त्यामुळे एके वर्षी जावई तयार केक घेऊन निघाले तेव्हा त्यांनी तो तीन पिशव्यांत बांधून वर लसणाचा चिवडा ठेवला होता, आणि गाडीत खाकी कपड्यांतला मनुष्य दिसला की ते खिडकीबाहेर पाहून भजन गुणगुणत. तो केक घरी पोचल्यावर आत्याबाईंनी त्याचा वास घेतला. नंतर चष्मा काढून पुन्हा वास घेतला. मग तो दुपारभर उन्हात ठेवण्यात आला, ‘‘उडून जाऊ दे’’ म्हणून. काय उडून जायचे ते कोणी बोलले नाही, परंतु जावई त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून या घरचा सुकामेवा संत्र्याच्या रसात भिजतो. कानागावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, असा दाखला जावयांनी शास्त्राधार म्हणून पुढे केला असता आत्याबाईंनी उत्तर दिले की, काना हे गाव गालीलात होते. वर्धा जिल्ह्यात असते तर प्रभूंनी संत्र्याचा रस केला असता. पुलगावचे काका यावर दरवर्षी तोच एक विनोद करतात, की वर्धा जिल्ह्यात सरकारमान्य दारू फक्त आमच्या भांडारात आहे, आणि ती प्याली तर मनुष्य स्वतःहूनच स्वर्गात पोचतो. हा विनोद संपला की सर्वांनी हसावयाचे असते. काका ज्येष्ठ आहेत.

केकचा एवढा गवगवा होतो, आणि प्रत्यक्षात खाल्ले जाते ते दुसरेच. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, रव्याचे लाडू: दिवाळीत आमच्याकडून त्यांच्याकडे गेलेली सर्व मंडळी नाताळात त्यांच्याकडून आमच्याकडे परत येतात, आणि डबाही बहुधा तोच असतो. आत्याबाईंच्या वहीत प्रत्येक पदार्थापुढे करणारीचे नाव, प्रमाण आणि मागील वर्षीचा शेरा लिहिलेला असतो. ‘करंजी: नागपूर. सारण कमी, हवा जास्त.’ ‘चकली: नगर. आवाज चांगला.’ यांशिवाय लहानांना लाच म्हणून आणि म्हाताऱ्यांना पथ्य म्हणून वर्ध्याच्या गोरस भंडारातील गोरसपाक पाट्यांनी येतो. गाईच्या तुपातला हा कुरकुरीत पदार्थ केक आहे की बिस्किट, हे मला अद्याप निश्चित सांगता येत नाही, परंतु त्यात अंडे नाही, आणि म्हणून तो माझ्या आईसारख्या कर्मठ बाईलाही ख्रिस्ती घरी बसून निर्वेधपणे खाता येई. माझ्या मते या जिल्ह्याचा नाताळचा अधिकृत केक तोच जाहीर व्हावा. जावयांचा विरोध नोंदवून घ्यावा.

सांताक्लॉज ही व्यक्ती या घरात उशिरा आली. जुन्या पिढीला तिचे नावही ठाऊक नव्हते. मुलांनी शाळेतून आणली. तिच्या आगमनाबाबत स्थानिक अडचणी अनेक. घराचे छप्पर कवेलूंचे, आणि वर्ध्यात कवेलूंवर रात्री-पहाटे कोणाचे पाऊल वाजले की त्याचा अर्थ एकच होतो; आजोबा उशाची काठी घेऊन अंगणात येतात आणि ‘‘हुडूत!’’ म्हणून ओरडतात. वानरांनी दरसाल फोडलेले कवेलू फेरण्याचा खर्च ज्याला सोसावा लागतो त्याच्याकडून मध्यरात्री छपरावर चढलेल्या लाल पोशाखातील स्थूल गृहस्थाच्या हेतूंविषयी सहानुभूतीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. म्हणून मामांनी, जे सांता होतात, पुढच्या दाराने, चपला काढून आणि पाय धुऊन येण्याचा सुलभ मार्ग पत्करला आहे. दाढी अर्थात हिंगणघाटी कापसाची. एकदा घाईत ती न पिंजता लावली, तेव्हा सरकी तशीच राहिली होती. सांता हसला की दाढीतून सरकी गळे, आणि मागे मागे फिरणारी शेजारची शेळी ती वेचून खाई. मुलांना त्यात गैर काही वाटले नाही. एका नातवाने तेवढे विचारले, ‘‘मामा, तुमची दाढी ढेप कवा देते?’’

मोज्यांची व्यवस्थाही बदलावी लागली. पाय गरम राखण्यासाठी मोजे घालावेत असा प्रसंग वर्ध्यात विरळा, आणि शाळेच्या मोज्यांत भेटवस्तू मावेना. तेव्हा मुलांनी सर्वानुमते आजोबांची कानटोपी टांगावयाचे ठरविले, कारण घरातील वस्त्रप्रावरणांपैकी तीच सर्वांत खोल. आजोबा रात्री टोपी शोधू लागले. त्यांना सांगण्यात आले की तीत सांता येणार आहे. ‘‘मग माझे कान?’’ एवढेच ते म्हणाले. विलायतेत म्हणे पूर्वी मोज्याच्या टोकाशी एक संत्रे ठेवीत, आणि ते मिळाले की पोर वर्षभर त्याची आठवण काढी. आत्याबाईंनी हे कुठेसे वाचून येथे तसे करून पाहिले. कारंजा-आष्टीकडून ज्यांच्या घरी टोपल्यांनी संत्री येतात, ज्यांचे काका मोहोर, बहार आणि दलाल यांविषयी शिव्यांच्या भाषेत बोलतात, त्या पोरांनी टोपीतून संत्रे निघालेले पाहून एकमुखाने जो आक्रोश केला तो ऐकून मी भिंतीपलीकडून धावत गेलो; मला वाटले विंचू निघाला.

परंतु या सणाचा गाभा म्हणजे 24 तारखेच्या संध्याकाळी अंगणात होणारे नाटक. मुले पुष्कळ आणि भूमिका मोजक्या, ही येथील सनातन समस्या. मरीया एक, योसेफ एक, गब्रीएल एक, मागी तीन, मेंढपाळ फार तर चार. उरलेल्यांचे काय करावे? या बाबतीत मी माझ्या परीने उपयोगी पडलो आहे. मूळ कथा नीट वाचली असता असे आढळते की, तिचा आरंभ देवदूताने होत असला तरी तिला गती येते ती एका सरकारी हुकमाने. कैसर औगुस्ताने खानेसुमारीचे फर्मान काढले. प्रत्येकाने आपल्या मूळ गावी जाऊन नाव दाखल करावे असे ठरले. म्हणून नासरेथचा सुतार गर्भवती बायकोला घेऊन बेथलेहेमास निघाला. दिवस भरलेल्या स्त्रीस सूट मिळावी अशी तरतूद त्या फर्मानात दिसत नाही, यावरून रोमची कचेरी आणि आमची कचेरी यांची कुळी एकच असल्याचे उघड आहे. आता जेथे खानेसुमारी तेथे पटवारी आलाच. पटवारी आला की कोतवाल आला. वर नायब तहसीलदार, चपराशी, अर्ज लिहून देणारा मुन्शी आणि शिक्क्याची शाई विकणारा. अशा रीतीने मी बेथलेहेमच्या महसूल खात्यात सहा जागा निर्माण करून दिल्या, आणि त्या सर्व भरल्या गेल्या. पटवारी झालेल्या मुलाने योसेफाकडे सात-बाराचा उतारा मागितला, आणि योसेफाने खिशातून बोरे काढून त्याच्या हातावर ठेवताच सभेने टाळ्या वाजविल्या. हा प्रसंग मी लिहून दिला नव्हता.

गव्हाणीचे मात्र येथे सोंग करावे लागत नाही. पलीकडच्या आळीतील गवळ्याच्या गोठ्यातून खरी गव्हाण येते, आणि तिच्याबरोबर, गवळ्याच्या अटीनुसार, गवळाऊ जातीचे एक वासरूही येते. कारण आपले ताट परक्या घरी गेलेले त्या वासराला सोसत नाही. गव्हाणीत कुटार पसरून त्यावर बाहुली निजविलेली असते. मरीया डोळे मिटून स्तोत्र म्हणत असते तो इकडे वासरू बाळाच्या खालचे अंथरूण शांतपणे खाऊ लागते. बाळ हळूहळू खाली जाते. मरीया एक डोळा उघडते. एका हाताने स्तोत्राची मुद्रा कायम ठेवून दुसऱ्या हाताने वासराचे मुस्कट दूर लोटते. आणि मागी लोक पोचेपर्यंत जगाचा तारणहार गव्हाणीच्या तळाशी दिसेनासा झालेला असतो. मागींच्या भेटींपैकी सोन्याच्या ठिकाणी आत्याबाईंची पाटली, आणि पाटली रंगभूमीवर असेतोवर स्वतः आत्याबाई रंगभूमीवर. ऊद आमच्या देवघरातला. गंधरस काय असते ते कोणालाच ठाऊक नसल्यामुळे आजोबांच्या गुडघ्यांच्या तेलाची बाटली अर्पण होते.

धर्मशाळेचा मालक झालेल्या पोराचा अभिनय यंदा विशेष वाखाणला गेला. योसेफाने दार ठोठावताच तो गरजला, ‘‘जागा नाही!’’ आणि त्या दोन शब्दांत असा काही संताप, असे काही आर्त होते की मावशींनी पदर डोळ्यांना लावला. त्याचे रहस्य मला नंतर कळले. नागपूरच्या लेकीला सहावा महिना चालू असल्याने तिला भुईवर निजविणे शक्य नव्हते, आणि म्हणून या मालकाची स्वतःची खाट आठवड्यापूर्वीच तिला देण्यात आली होती. तो स्वतः बैठकीत दोन काकांच्या मधोमध झोपत होता, आणि दोघेही घोरणारे. आजीबाईंना मात्र त्याचे बोलणे सहन झाले नाही. त्या प्रेक्षकांतून म्हणाल्या, ‘‘अरे, ओसरीवर तरी टाक म्हणा अंथरूण त्यांचं. पोटुशी बाई आहे.’’ त्यावर योसेफ गोंधळून ओसरीवर जाऊन बसला, आणि गोठ्यापर्यंत न्यायला त्याची पुष्कळ मनधरणी करावी लागली.

सर्वांत मोठा कलह हेरोदाच्या भूमिकेसाठी. प्रौढ मंडळींना वाटते मुलांनी देवदूत व्हावे. मुलांचा कल राजाकडे असतो, आणि त्यांचे म्हणणे तर्कशुद्ध आहे. हेरोदाला मुकुट आहे, तलवार आहे, आरडाओरडा करण्याची मुभा आहे, आणि साऱ्या नाटकात बसावयास खुर्ची असलेली भूमिका ती एकच. देवदूताला स्टुलावर हात पसरून उभे राहावे लागते, आणि पंख टोचतात.

रात्रीची उपासना, पेटीच्या सुरावरली गीते, उपासनेत डुलक्या घेणारी पोरे आणि त्यांना चिमटे काढणाऱ्या आया, दुसऱ्या दिवशी सकाळी तर्रीपोहे आणि दुपारी आत्याबाईंच्या देखरेखीखाली होणारे सामिष भोजन, ज्याला मी भाताच्या बाजूने उपस्थित असतो, याविषयी लिहिण्याजोगे काही नाही. सुख सर्वत्र एकाच साच्याचे असते. भेटकार्डे मात्र अजून येतात, म्हणजे उशिरा येतात. परदेशातील एका भाच्याचे कार्ड होळीच्या आधी पोचले तर टपालखात्याची तारीफ होते. आजोबा त्यावर म्हणतात की, नाताळच्या पत्रांना वर्ध्याची हवाच मानवत नाही. 24 डिसेंबर 1940 रोजी गांधीजींनी येथूनच हिटलरला ‘मित्र’ असे संबोधून एक लांबलचक पत्र लिहिले, आणि सरकारने ते पुढे जाऊ दिले नाही. ‘‘त्यांचे गेले नाही तिथे भाच्याचे येईल कसे?’’

सत्तावीस-अठ्ठावीस तारखेला पांगापांग सुरू होते. डबे कोणाचे, झाकणे कोणाची, यावर शेवटची खडाजंगी होते. आत्याबाई वहीत शेरे मारून वही ट्रंकेत ठेवतात. सेवाग्रामला जायचे ते वर्ध्याला पोचविले जातात. यंदा या धामधुमीत नागपूरच्या लेकीच्या सहा वर्षांच्या मुलीने आजोबांकडे एक लेखी दरखास्त दाखल केली. मुन्शी झालेल्या भावाकडून ती लिहवून घेतलेली होती आणि खाली निळ्या शाईचा अंगठा होता. आशय असा की, अर्जदार सलग तीन वर्षे मेंढी या पदावर काम करीत असून त्या पदास संवाद नाहीत, खुर्ची नाही आणि पाठीवर गोधडी बांधल्याने उकडते. सबब सेवाज्येष्ठतेचा विचार होऊन पुढील नाताळापासून तिची नेमणूक हेरोद या पदावर व्हावी. आजोबांनी कागद माझ्याकडे धाडला. ‘‘नाझरसाहेब, यावर शेरा काय मारावा?’’ मी पूर्वापार चालत आलेला मजकूर सांगितला: अर्ज दाखल करून घेतला आहे, मेंढीच्या जागी बदली इसम मिळाल्यास विचार व्हावा. अर्जदाराने शेरा वाचून घेतला आणि त्याच कागदाच्या पाठीवर खुलासा लिहवून परत पाठविला, की बदली इसम म्हणून आपण आपल्या धाकट्या भावाचे नाव सुचवितो. तो मार्चमध्ये जन्मावयाचा आहे, आणि नाताळपर्यंत त्याला रांगता येऊ लागेल.